काठोकाठ आशा

१९९८च्या फेब्रुवारीत ब्रिटनमधल्या सिंगल्सच्या यादीत एक आठवडा असा आला, की पहिल्या नंबरावरच्या गाण्याच्या नावातच आशाताई होत्या. ‘ब्रिमफुल ऑफ आशा’. आदल्या आठवड्यात त्या जागेवर सेलिन डिऑनचं ‘टायटॅनिक’मधलं गाणं होतं, पुढच्या आठवड्यात मॅडोना येऊन बसली. मधले सात दिवस आशाचे.

मी तेव्हा शाळेत होतो. हे गाणं केबलवरच्या कुठल्याशा म्युझिक चॅनेलवर अर्धंमुर्धं कानावर पडलं होतं. दणदण वाजणारे ड्रम्स, उड्या मारणारी गिटार आणि त्यात मधूनच कुणीतरी ‘आशा’ म्हणतंय असा भास. भासच असणार, असं धरून मी विषय सोडून दिला. इंग्रजीत तसा काहीतरी शब्द असेल आणि आपल्या कानाला तो ‘आशा’ ऐकू येत असेल. आमच्या घरी आशा म्हणजे सकाळी रेडिओवर लागणाऱ्या आशाबाई. त्यांचं नाव विलायतेतल्या नाचाच्या गाण्यात कशाला येईल?

तो भास नव्हता हे कळायला पुढे दहाएक वर्षं गेली. आणि ज्या दिवशी ते कळलं, त्याच दिवशी आणखी एक गोष्ट कळली. मी ऐकलेलं गाणं मूळ गाणं नव्हतं, ते रिमिक्स होतं. मूळ गाणं त्याच्या आधी सहा महिने येऊन गेलं होतं आणि फारसं कुणी वळूनही पाहिलं नव्हतं. त्या रात्री मी मूळ गाणं शोधून काढलं, हेडफोन लावले आणि पहिल्या अर्ध्या मिनिटातच वाटलं, आपण या माणसाला इतकी वर्षं घाईघाईत भेटत होतो. आता तो खुर्चीत बसलाय.

बँडचं नाव कॉर्नरशॉप. तजिंदर सिंग मूळचा वुल्व्हरहॅम्प्टनचा. बेन एअर्स त्याला प्रेस्टनच्या पॉलिटेक्निकात भेटला. बँड उभा राहिला लेस्टरमध्ये, १९९१ साली. तजिंदरचा भाऊ अवतार आणि ड्रम्सवर डेव्हिड चेंबर्स. इंग्लंडात कोपऱ्यावरचं वाणसामानाचं छोटं दुकान म्हटलं की गल्ल्यामागे भारतीय नाहीतर पाकिस्तानी माणूस उभा, हा तिथला पक्का समज. तुम्ही डॉक्टर असा, बसड्रायव्हर असा नाहीतर गिटार वाजवा, समोरच्याच्या डोळ्यांत तुम्ही दुकानदारच. जो शब्द टोमणा म्हणून यायचा, तोच या पोरांनी पाटीवर रंगवून दारावर लावला. मला त्यांचं हे पहिलं पाऊल फार आवडतं, कारण त्यात रुसवा नाही, रोखठोकपणा आहे.

सुरुवातीचं त्यांचं संगीत म्हणजे बराचसा गोंगाट. १९९३ साली वीजा रेकॉर्ड्सनं त्यांची पहिली ईपी, म्हणजे मोजक्या गाण्यांची तबकडी, काढली, तीही करीच्या रंगाच्या विनाइलवर. त्याच सुमारास त्यांनी लंडनमध्ये ईएमआय कंपनीच्या कचेरीबाहेर मॉरिसी या इंग्रज गायकाचं चित्र जाळलं. १९९२च्या उन्हाळ्यात मॉरिसी एका मैफलीत युनियन जॅक नाचवत मंचावर आला होता. ज्या झेंड्याच्या आडून रस्त्यावर आशियाई पोरांना मारहाण होत होती, तो झेंडा त्यांच्या आवडत्या गायकाच्या हातात. तजिंदरच्या पिढीतल्या कितीतरी मुलांनी मॉरिसीची गाणी जीव लावून ऐकली होती, म्हणून तर ते इतकं झोंबलं. परक्याचं चित्र कोण जाळतं?

पुढच्या दोन-तीन वर्षांत तो गोंगाट निवळत गेला. सतार आली, तंबोरा आला, पंजाबी शब्द आले. अमेरिकेत त्यांना डेव्हिड बर्न या गायकाच्या लुआका बॉप या रेकॉर्ड कंपनीनं उचललं. १९९७च्या सप्टेंबरात त्यांचा तिसरा अल्बम आला, ‘व्हेन आय वॉज बॉर्न फॉर द सेव्हन्थ टाइम’. त्यात कवी अॅलन गिन्सबर्गचा आवाज आहे आणि शेवटी बीटल्सचं ‘नॉर्वेजियन वूड’ पंजाबीत गायलेलं आहे. ज्या गाण्यात बीटल्सनी पहिल्यांदा सतार वापरली, तेच गाणं या मुलानं आपल्या आईबापांच्या भाषेत परत नेलं. अमेरिकेतल्या ‘स्पिन’ मासिकानं त्याला त्या वर्षीचा सर्वोत्तम अल्बम ठरवलं. पण आपला विषय अल्बम नाही. त्याच्या आधी, ऑगस्टमध्ये, त्यातलं एक गाणं सिंगल म्हणून निघालं होतं, त्याच्याविषयी बोलायचंय.

ते गाणं पाच मिनिटांहून थोडं जास्त आहे. मोजून तीन कॉर्ड, गिटारवर तेच ते फिरून येणारं वळण. ड्रम्स असे, की जणू बाजूच्या खोलीत कुणीतरी निवांत ताल धरून बसलंय. आणि तजिंदरचा आवाज. गायला बसलाय असं वाटतच नाही. जेवण झाल्यावर पंख्याखाली आडवं होऊन कुणी जुनी गोष्ट सांगावी, तसा तो शब्द सोडत जातो. सूर चढवत नाही, हरकत घेत नाही. ज्या बाईच्या गळ्यावर हे गाणं बेतलंय, तिच्या हरकती आपण पाठ केलेल्या आहेत, आणि हा तिच्यावरचं गाणं एकही हरकत न घेता म्हणतो. मला त्यात अदब दिसते. देवळात आपण आवाज खाली आणतो तशी.

शब्दांत तो आधी सांगतो की सिनेमाच्या पडद्यामागे एक नाच चाललेला असतो आणि सिनेमागृहाच्या रांगा उजळून टाकणारी ती आहे, स्वप्न जागं ठेवणारी ती आहे, सकाळपासून दिवस मावळेपर्यंत. पार्श्वगायन ही गोष्ट इंग्रज श्रोत्याला समजावून सांगायची म्हणजे कठीण काम. ओठ एकीचे, आवाज दुसरीचा, आणि लोक प्रेम करतात ते दोघींवर. त्यानं ते दोन ओळींत केलं. मधेच तिला ‘साडी राणी’ म्हणतो, म्हणजे आमची राणी. ते पंजाबी ‘साडी’ आपल्या कानाला आधी नेसायची साडी वाटतं. मलाही वाटलं होतं.

मग येते ती ओळ, जी पुन्हापुन्हा येते आणि जिच्यामुळे हे गाणं जगभर गुणगुणलं गेलं. तिचा मथितार्थ असा, की डोकं टेकायला प्रत्येकालाच कुणाची तरी छाती उशीला लागते, माझी पंचेचाळीसवर आहे. मराठीत कुशी आणि उशी हे शब्द एका अक्षराच्या अंतरावर आहेत. म्हणून ही ओळ मला इंग्रजीपेक्षा मराठीत जास्त पटते. पंचेचाळीस म्हणजे मिनिटाला पंचेचाळीस फेरे घेणारी सात इंची तबकडी. आरसीए व्हिक्टरनं ती १९४९ मध्ये बाजारात आणली. मोठी एलपी मिनिटाला साडेतेहतीसच्या आसपास फिरते, ती घरातल्या मोठ्यांची. पंचेचाळीसची तबकडी लहान, स्वस्त, एका बाजूला एक गाणं, खाऊच्या पैशांतून घेता येण्यासारखी. आपल्याकडे तिच्यावर दोन्ही बाजूंना मिळून सिनेमाची चार गाणी बसवायचे आणि तिला ईपी म्हणायचे.

वुल्व्हरहॅम्प्टनसारख्या गावात साठ-सत्तरच्या दशकात पंजाबातून आलेली कुटुंबं काय घेऊन आली असतील? कपडे, भांडी, एखादा फोटो. आणि या तबकड्या. बाहेर धुकं, कारखान्याची पाळी, शाळेत नावाची मोडतोड. घरात पिन टेकली की आशाबाई. ज्या पोरानं कधी मुंबई पाहिली नाही, त्याला डोकं टेकायला ही सात इंचांची जागा. गाण्यातली ‘उशी’ मला तिथे कळते.

पुढे गाण्यात नावांची यादी येते आणि इथे मला नेहमी हेडफोन जरा घट्ट दाबावेसे वाटतात. महंमद रफी, पंचेचाळीस. लता मंगेशकर, पंचेचाळीस. सॉलिड स्टेट रेडिओ. फर्ग्युसन मोनो, म्हणजे ब्रिटिश घरांतून असायचा तो फर्ग्युसन कंपनीचा रेकॉर्ड प्लेअर, एका स्पीकरचा. झाक द्युत्रों, हा फ्रेंच गायक. मार्क बोलन, हा इंग्रज रॉक गायक. ऑल इंडिया रेडिओ. टू-इन-वन. आर्गो, ही कवितांच्या आणि नाटकांच्या ध्वनिमुद्रिका काढणारी ब्रिटिश कंपनी. ट्रोजन, ही जमैकाचं संगीत ब्रिटनमध्ये आणणारी कंपनी. या यादीत वर-खाली नाही. लतादीदींच्या शेजारी बोलन बसलाय आणि आकाशवाणीच्या मांडीला मांडी लावून जमैकाचं किंग्स्टन. देवघरात जसे कुलदैवताच्या बाजूला शेगावचे महाराज, शिर्डीचे बाबा आणि कुणीतरी यात्रेहून आणलेला शंख, सगळे एकाच चौरंगावर असतात, तशी ही मांडणी. मूल असंच ऐकतं. घरात जे वाजतं ते सगळं आपलं.

आणखी एक ओळ आहे. सरकारच्या सूचनांची आम्हाला पर्वा नाही, त्यांच्या साध्या राहणीच्या प्रचाराची आणि ते बांधत असलेल्या धरणांची पर्वा नाही, अशा अर्थाची. नाचगाण्याच्या मधे धरणं कुठून आली? मला ती ओळ ऐकली की बाळकृष्ण केसकर आठवतात. आपलेच मराठी मंत्री, शास्त्रीय संगीताचे जाणकार. १९५२ मध्ये ते माहिती आणि नभोवाणी खात्याचे मंत्री झाले आणि त्याच वर्षी आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी हद्दपार झाली. लोकांची अभिरुची सुधारावी हा हेतू. लोकांनी काय केलं? रेडिओचा काटा फिरवून सिलोन लावलं. तिथे ‘बिनाका गीतमाला’ होती, अमीन सयानी होते. १९५७च्या ऑक्टोबरात विविध भारती सुरू झाली तेव्हा सरकारनं ही गाणी परत घरात घेतली. केसकरांचा हेतू वाईट होता असं मला मुळीच वाटत नाही, शास्त्रीय संगीतावर त्यांचे उपकार आहेत. पण धरणं बांधणाऱ्या देशाला संध्याकाळी गाणंही लागतं, आणि ते कुठलं लागावं हे कुणी वरून ठरवू शकत नाही. वुल्व्हरहॅम्प्टनच्या मुलाला हे सगळं तपशिलानं माहीत होतं की नव्हतं, त्यानं फरक पडत नाही. ओळ बरोबर जागी बसलीय.

तर असं हे गाणं ऑगस्ट १९९७ मध्ये निघालं आणि ब्रिटनच्या यादीत साठाव्या नंबरापर्यंत पोहोचून थांबलं. ज्यांचा कान शाबूत होता त्यांनी ते ऐकलं. बीबीसीच्या जॉन पीलच्या कार्यक्रमात वर्षअखेरीला श्रोते मतं देऊन पन्नास गाणी निवडायचे, ‘फेस्टिव्ह फिफ्टी’. १९९७च्या त्या यादीत हे पहिलं आलं. म्हणजे रात्री उशिरा रेडिओला कान लावून बसणाऱ्यांचं हे आधीच लाडकं झालं होतं. दुकानातून मात्र फार हललं नाही.

आणि मग ते गेलं नॉर्मन कुककडे.

इथे मला थोडं आमच्या घरातल्या एका शब्दाविषयी सांगावं लागेल. रिमिक्स. हा शब्द आमच्याकडे शिवीसारखा वापरला जायचा. नव्वदच्या दशकाच्या शेवटी आणि दोन हजारच्या सुरुवातीला जुन्या हिंदी गाण्यांवर जे काही चाललं होतं, ते आठवा. दुसऱ्याच कुणाच्या गळ्यातून गाऊन घेतलेलं गाणं, खाली ठोकळेबाज ठेका आणि पडद्यावर ज्याचा गाण्याशी काडीचा संबंध नाही असं काहीतरी. ज्यांनी ते गाणं घडवलं त्या संगीतकाराचं, वादकांचं नाव कुठे नाही. वडील टीव्ही बंद करून उठायचे. त्यांचा राग रास्त होता असं मला आजही वाटतं. खुद्द आशाताईंनी १९९६ मध्ये लेस्ली लुईसबरोबर पंचमदांची गाणी नव्या ठेक्यावर पुन्हा गायली होती, पण ते वेगळं. तिथे गळा तोच होता आणि आठवणही तिचीच होती. एकूण, रिमिक्स म्हणजे बिघडवणं हे मी घरातून शिकून निघालो होतो. म्हणून कॉर्नरशॉपचं रिमिक्स मी कधी नीट ऐकलंच नव्हतं. फक्त ओळखत होतो.

हा शब्द मुळात जन्मला तिथे तो वेगळा होता. जमैकातल्या किंग्स्टनमध्ये साठच्या दशकाच्या अखेरीला तबकडीच्या एका बाजूला गाणं आणि दुसऱ्या बाजूला त्याच गाण्याचं ‘व्हर्जन’ निघायला लागलं. गायकाचा आवाज काढून टाकलेला, फक्त बास आणि ड्रम्स. किंग टबीसारख्या माणसानं मिक्सिंगच्या टेबलाचंच वाद्य केलं. आवाज मधेच येतो, घुमतो, विरून जातो. न्यूयॉर्कमध्ये सत्तरच्या दशकात नाचणाऱ्यांना गाणं लवकर संपू नये असं वाटायला लागलं, आणि बारा इंची सिंगल आली. नाचाच्या संगीतातून हे गिटारवाल्यांकडे यायला आणखी काळ गेला. प्रायमल स्क्रीम या बँडनं १९८९च्या अल्बममधलं आपलं एक विव्हळ, संथ गाणं अँड्र्यू वेदरॉल नावाच्या डीजेच्या हवाली केलं. त्यानं जवळजवळ सगळं उपसून फेकलं आणि त्यातून १९९० मध्ये ‘लोडेड’ तयार झालं. त्यानंतर ब्रिटनमध्ये गिटार आणि नाच यांच्यामधली भिंत तशीच राहिली नाही. एव्हरीथिंग बट द गर्लचं ‘मिसिंग’ १९९४ मध्ये एकोणसत्तराव्या नंबरावर अडकलं होतं, टॉड टेरीनं त्याला पायाखाली ठेका दिला आणि पुढच्या वर्षी ते तिसऱ्या नंबरावर गेलं. म्हणजे १९९८ पर्यंत हा रस्ता मळलेला होता. आणि तजिंदरनं आपल्या यादीत ट्रोजनचं नाव घेतलंच होतं. ज्या बेटावर एकाच गाण्याची दोन रूपं एका तबकडीवर निघायला लागली, त्या बेटाला गाण्यातच नमस्कार घातलेला होता.

नॉर्मन कुक हा काही उपरा डीजे नव्हता. ऐंशीच्या दशकात तो हाउसमार्टिन्स या गिटारवाल्या बँडमध्ये बास वाजवायचा. पुढे बीट्स इंटरनॅशनल नावानं १९९० मध्ये पहिल्या नंबरावर जाऊन आला होता. १९९८च्या सुरुवातीला तो फॅटबॉय स्लिम झालेला होता, पण त्या नावाची मोठी गाणी अजून यायची होती. ब्रायटनमध्ये घरच्या घरी, अटारीचा जुना संगणक आणि अकाई कंपनीचा सॅम्पलर, म्हणजे आवाजाचे तुकडे साठवून वाजवणारं यंत्र, एवढ्यावर त्याचं काम चालायचं.

त्यानं काय केलं ते ऐकून ऐकून माझ्यापुरतं मी असं उलगडलंय. एक, लय वाढवली. दोन, पट्टी चढवली. या दोन गोष्टी खरं तर एकच आहेत. टू-इन-वनची बॅटरी उतरत आली की कॅसेट ओढत चालायची आणि आवाज जाड, भुतासारखा व्हायचा, हे ज्यांनी अनुभवलंय त्यांना लगेच कळेल. याच्या उलट. फीत किंवा तबकडी जोरात फिरवली की लय वाढते आणि आवाज बारीक, तरुण होतो. लहानपणी एलपी मुद्दाम पंचेचाळीसवर लावून आपण हसलेलो आहोत. कुकनं तसं हसं होऊ दिलं नाही, बेतानं चढवलं. तरी तजिंदरचा आवाज ऐका. मूळ गाण्यातला आडवा झालेला माणूस इथे उठून उभा राहिलाय, दहा वर्षांनी लहान झालाय.

तीन, ड्रम्स. हा त्याचा खरा हात. मूळ ड्रम्सच्या जागी त्यानं असे दणदणीत ड्रम्स आणले की बसून राहणं अवघड. आणि चार, त्यानं ती कुशी-उशीची ओळ धरून ठेवली. ती आणतो, सोडतो, ठेका काढून घेतो, गिटार एकटी ठेवतो, आपण श्वास रोखतो, आणि मग ड्रम्स धपकन परत येतात.

हे ऐकताना एका रात्री मला अचानक भजन आठवलं. आमच्या आळीतल्या भजनी मंडळात एक बुवा होते. अभंग ते संथ सुरू करायचे, शब्द नीट ऐकू येतील असा. एकेक चरण, अर्थ पोहोचेपर्यंत. आणि मग एक चरण धरायचे. तेच, तेच, तेच. लय एकेक पायरी चढायची, पखवाज तापायचा, टाळकरी पुढे झुकायचे, आणि एका क्षणी सगळे उभे. तेव्हा त्या चरणाचा अर्थ कुणी लावत नव्हतं. अर्थ आधीच येऊन गेलेला असायचा, आता तो अंगात भिनलेला असायचा. बुवांना कुणी विचारलं नाही की पहिला अभंग खरा की हा गजर खरा.

कुकनं तेच केलं. त्यात फरक एवढाच, की लोकांनी गजर आधी ऐकला. माझ्यासारख्या लाखोंनी. अभंग ऐकायला फार थोडे थांबले. मला खंत वाटते ती याची, रिमिक्सची नाही. हे रिमिक्स घडवणारा आणि मूळ गाणारा यांच्यात कसली चोरी नव्हती. गाणं बँडचंच होतं, नाव बँडचंच होतं, यशही त्यांच्याच नावावर लागलं. इतरांनीही त्याची रूपं केली, मुचो माचो नावाच्या जोडगोळीनं केलेल्या एकाला तर त्या यादीतल्या बोलनचंच नाव मिळालं. पण बोलण्यात लोक ‘ते फॅटबॉय स्लिमचं आशा’ म्हणू लागले आणि तजिंदर सिंग हे नाव हळूहळू कडेला सरकत गेलं. ज्या मुलानं आईबापांच्या तबकड्यांपुढे डोकं टेकवलं, त्याचंच नाव त्याच्या गाण्यापासून सुटं झालं. त्याच वर्षी मेच्या सुमारास त्यांचं ‘स्लीप ऑन द लेफ्ट साइड’ आलं, तेविसाव्या नंबरापर्यंत गेलं. १९९७चा तो अल्बम मर्क्युरी या ब्रिटिश संगीत-पुरस्काराच्या अंतिम यादीत होता. नंतरचा अल्बम थेट २००२ मध्ये. २०११ मध्ये त्यांनी बबली कौर या गायिकेबरोबर सबंध पंजाबी अल्बम केला, तो मिळवून ऐका, असं मी प्रत्येकाला सांगत असतो. २०२०मध्येही नवा अल्बम आला. ते थांबलेले नाहीत. तरी ब्रिटनमध्ये एका गाण्याचा बँड म्हणून त्यांची गणना होते, आणि ते वाचलं की मला वाईट वाटतं.

आता मी दोन्ही ऐकतो, पण क्रम ठरलेला आहे. आधी मूळ, मग रिमिक्स. उलट केलं की मूळ गाणं पहिली काही क्षणं संथ वाटतं, बॅटरी उतरल्यासारखं. मग कान शांत होतो आणि नावं ऐकू यायला लागतात.

मागच्या दिवाळीत आईला ऐकवलं. तिला इंग्रजी गाण्याचं वावडं नाही, सवय नाही. आधी चुकून रिमिक्सच लागलं. तिनं थोडं ऐकलं, हेडफोन एका कानावरून सरकवला आणि म्हणाली, “फार पळतोय रे हा.” मग मूळ लावलं. ती खिडकीतून बाहेर बघत ऐकत राहिली. शब्द कळत नव्हते हे दिसत होतं. यादी सुरू झाली आणि तिचा हात वर झाला, थांब म्हणावं तसा.

“रफी म्हणाला ना आत्ता?”

“हो. आता लता म्हणेल.”

म्हणाला. ती हसली. गाणं संपेपर्यंत काही बोलली नाही. मग हेडफोन काढून मांडीवर ठेवला, त्याच्या वायरीचा गुंता सोडवत सोडवत सांगायला लागली, की त्यांच्याकडे मर्फीचा रेडिओ होता, त्याच्यावर तिच्या आईनं विणलेलं कापड घातलेलं असायचं. बुधवारी रात्री बिनाका लागायची तेव्हा शेजारच्या दोघी पाटावर येऊन बसायच्या. रेकॉर्ड प्लेअर मामाकडे. त्याच्याकडे ईपींची पत्र्याची पेटी होती, सगळ्यांना हात लावायची परवानगी नव्हती, धाकट्या मावशीला तर मुळीच नाही. त्यात आशाबाईंच्या तीन होत्या. एकीला ओरखडा होता, दुसऱ्या गाण्याच्या अंतऱ्यात पिन अडकायची आणि आशाबाई तोच शब्द म्हणत राहायच्या, कुणीतरी उठून बोटानं ढकलेपर्यंत. रफीच्या दोन. गीता दत्तची एक, तिचं पाकीट हरवलं होतं म्हणून वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेली. आणि तलतची एक...